ताईला तिची मुलं परत हवीयेत

हे लिहू का असं ताईला विचारलं तर म्हणाली लिही, पण मुलांची नावं नको टाकूस. म्हणून कुणाचंच नाव टाकत नाहीये. थोरला आता अकरा वर्षांचा आहे, धाकटी सात.

2019 ला भाऊजी अपघातात गेले. ताई सोलापुरात एका पतसंस्थेत क्लार्क होती, 2021 मध्ये ती पतसंस्था बुडाली, ठेवीदारांनी तक्रार केली आणि संचालकांबरोबर ठेवींच्या पावत्यांवर सह्या करणाऱ्या ताईलाही अटक झाली. एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा लागला की जामीन किती लांबतो ते ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना माहितीये. ताई बाहेर आली तेव्हा 2024 उजाडलं होतं. केस अजून उभी आहे, साक्षीदारच तपासून झाले नाहीयेत, म्हणजे कोर्टाने तिला दोषी ठरवलेलं नाही, ती कच्ची कैदी म्हणूनच आत होती. देशातल्या तुरुंगांमध्ये दर चार माणसांत साधारण तीन असेच कच्चे कैदी असतात, पण गल्लीत, शाळेत, नातेवाइकांत कच्चा आणि पक्का असा फरक कोणी करत नाही. जेलमध्ये होती म्हणजे होती, विषय संपला.

आता मुख्य गोष्ट. अटक झाली तेव्हा धाकटी तीन वर्षांची होती. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत तुरुंगात राहू शकतं, सुप्रीम कोर्टाच्या 2006 च्या आर. डी. उपाध्याय निकालात हे सगळं नीट लिहिलंय, मुलांचा आहार, लसी, पाळणाघर सगळं. म्हणजे ताई तिला सोबत नेऊ शकत होती. ती नाही म्हणाली. बरॅकमध्ये लेकरू संध्याकाळी आत बंद होणार, भाऊ एकीकडे आणि बहीण एकीकडे होणार, हे तिला नको होतं. म्हणून दोघांना तिने सासू-सासऱ्यांकडे ठेवलं, अप्पांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या हातात मुलांचे जन्मदाखले आणि आधार कार्डं दिली आणि म्हणाली मी येईपर्यंत सांभाळा.

आणि आज मुलांच्या ताब्यासाठी ताई कोर्टात गेलीये, तर समोरच्या, म्हणजे सासू-सासऱ्यांच्या वकिलांचा सगळा भर याच गोष्टीवर आहे. आईनेच मुलं आमच्याकडे दिली, चांगलं सोबत ठेवता येत होतं तरी ठेवलं नाही, तीन वर्षं आम्हीच वाढवलं. मला या वाक्याचा इतका त्रास होतो की सांगता येत नाही. मुलांच्या भल्यासाठी आईने जो सगळ्यात अवघड निर्णय घेतला, तोच तिच्याविरुद्ध वापरायचा? लेकरू सोपवणं आणि लेकरू सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा फरक कोर्टाला दाखवून देण्यातच आमची सगळी ताकद खर्च होतेय.

सुरुवातीला मलाही वाटायचं की जेलमध्ये गेल्यावर आईचा हक्कच जातो. तसं नाहीये. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात वडिलांनंतर आई हीच नैसर्गिक पालक आहे, आजी-आजोबा नाहीत. नैसर्गिक पालकत्व कधी जातं तेही त्याच कलमात आहे, एक म्हणजे माणूस हिंदू राहिला नाही तर आणि दुसरं म्हणजे त्याने संसार सोडून पूर्ण संन्यास घेतला तर. तुरुंगाचा त्यात उल्लेखच नाही! हे वकील मॅडमनी पहिल्या दिवशी वाचून दाखवलं तेव्हा ताई कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत होती.

पण म्हणून मुलं आपोआप मिळतात असंही नाही. त्याच कायद्यात पुढे मुलाचं हित सर्वोच्च असं लिहिलंय, आणि अर्ज करायचा तो 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली, तिथे आईचं चारित्र्य, ऐपत, मुलाचं वय, आजवरचे संबंध आणि मूल समजतं असेल तर त्याची इच्छा, हे सगळं कोर्ट बघतं. अर्जही मुलं जिथे राहतात तिथल्याच कोर्टात करावा लागतो. मी ताईला म्हणत होते पुण्याला माझ्याकडे ये, ती नाही आली. तिने सोलापुरातच मुलांच्या शाळेजवळ खोली घेतली आणि युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात पीसवर काम धरलं. मुलांचं आजोबांचं घर सुटलं तरी शाळा आणि मित्र सुटायला नकोत असं तिचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटतं. फक्त पीसवरच्या कामाची पगाराची स्लिप मिळत नाही, मग उत्पन्नाचा पुरावा म्हणून मालकाकडून लिहून आणा, बँकेत खातं उघडून दर आठवड्याचे पैसे त्यातच भरा, हे सगळं करावं लागलं.

समोरच्यांनी 2008 चा नील रतन कुंडू निकाल पुढे केला. त्यात वडिलांवर बायकोच्या मृत्यूची केस होती, मुलगा आईच्या आईवडिलांकडे होता, त्याला वडिलांकडे जायचं नव्हतं, आणि सुप्रीम कोर्टाने त्याला आजोबांकडेच ठेवलं. केस चालू असली तरी ती विचारात घ्यावीच लागते असं त्यात म्हटलंय. हा निकाल मी पूर्ण वाचला आणि खरं सांगते तो योग्यच आहे, ज्या माणसावर मुलाच्या आईच्या मृत्यूचा आरोप आहे त्याच्याकडे मूल कसं देणार. पण ताईवरचा आरोप ठेवीदारांच्या पैशांचा आहे, मुलांना तिच्यापासून काय धोका? आमच्या मॅडमनी 2019 चा तेजस्विनी गौड निकाल दिला, त्यात आई कॅन्सरने गेलेली, वडील क्षयाने हॉस्पिटलमध्ये, बाळ आईच्या नातेवाइकांनी प्रेमाने सांभाळलं, तरी वडील बरे झाल्यावर बाळ त्यांना परत मिळालं. अडचणीच्या काळात नातेवाइकांनी सांभाळलं म्हणून पालकाचा हक्क संपत नाही, आमचं म्हणणं एवढंच आहे.

आमच्या बाजूने सगळ्यात जास्त कामाला आली ती पत्रं. ताई दर पंधरवड्याला मुलांना पत्र लिहायची, थोरल्याला पाढे विचारायची, धाकटीसाठी चित्रं काढायची, पेनानेच, कारण रंग कुठून आणणार. प्रत्येक पत्रावर जेलचा शिक्का आणि तारीख. ती माझ्या पत्त्यावर यायची, मी फोनवर मुलांना वाचून दाखवायचे आणि फाईलला लावून ठेवायचे. कोर्टात ती जाड फाईल ठेवली तेव्हा 'आईने संपर्क ठेवला नाही' हा मुद्दा समोरच्यांनी परत काढला नाही. त्यामुळे ज्यांचं कोणी आत आहे त्यांना कळकळीने सांगते, पत्रं, मुलाखतीच्या नोंदी, ई-मुलाकातचे (जेलमधल्या व्हिडिओ भेटीचे) मेसेज, मनिऑर्डरच्या पावत्या, काही म्हणजे काही टाकू नका.

अप्पा आणि आजी वाईट माणसं आहेत असं वाचणाऱ्याला वाटू नये. मुलगा गेला, सून जेलमध्ये गेली, त्या वयात दोन लेकरं वाढवली त्यांनी. ताई सुटल्यावर पहिल्यांदा मुलांना आणायला गेली तेव्हा अप्पा म्हणाले, "तुझी केस सुटू दे पोरी, मग बघू." केस सुटायला दहा वर्षं लागली तर थोरला नोकरीला लागेल तोवर! पण त्यांची भीतीही मला कळते, ही परत आत गेली तर लेकरं दुसऱ्यांदा तुटतील. आई तुरुंगात असेल तर बाल संगोपन योजनेत मुलाला महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात, मी फॉर्म आणून दिला होता, अप्पांनी भरला नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं म्हणाले. त्यांच्या पेन्शनीत शाळेची फी, दवाखाना सगळं ओढलं पण ते लिहिलं नाही.

मॅडमनी आधी ताब्याचा हट्ट न धरता भेटीचा अर्ज लावला आणि ते फार बरं झालं. पहिले काही शनिवार कोर्टातल्याच खोलीत एक तास. पहिल्या शनिवारी धाकटीने दप्तर खांद्यावरून काढलंच नाही, तासभर तशीच ताठ बसली, आणि ताईनेही काढ म्हटलं नाही, नुसती शेंगाच्या चटणीचा डबा उघडून समोर ठेवला. मुलीने हात लावला नाही. मी बाहेर येऊन रडले, ताई नाही रडली. तिसऱ्या-चौथ्या वेळी पोरगी स्वतःहून विचारायला लागली की तुझ्या खोलीत टीव्ही आहे का, पंखा आहे का, मी आले तर कुठे झोपणार.

थोरल्याला जजसाहेबांनी चेंबरमध्ये बोलावून विचारलं. तो म्हणाला मला आजोबांकडे राहायचंय आणि मम्मीकडे पण जायचंय. आणि मग त्यांनाच विचारलं की मम्मीला परत नेणार नाही ना. याचं उत्तर आज तरी कुणाकडेच नाही.

सध्या शनिवार-रविवार मुलं ताईकडे असतात, रात्रीसुद्धा. ऑर्डर अंतरिम आहे, म्हणजे तात्पुरती. वकिलाचा खर्च कसा झेपला असं कोणी विचारेल म्हणून सांगते, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आमच्या मॅडम तिथूनच मिळाल्या आणि खाजगी वकिलाने केलं नसतं इतकं त्यांनी केलं. जेलमध्ये असलेल्या पुरुषांनाही तो हक्क आहे, आतूनच अर्ज देता येतो.

उन्हाळ्याच्या पूर्ण सुट्टीसाठी अर्ज टाकलाय. अप्पांनी यावेळी विरोधाचं लेखी म्हणणं दिलं नाही, फक्त सुट्टीत मधले आठ दिवस मुलं गावच्या जत्रेला आमच्याकडे पाठवा एवढं त्यांच्या वकिलांनी तोंडी सांगितलं, आणि ताई लगेच हो म्हणाली.