कासवाच्या पाठीवरचे सूत्रकृमी

आजचा अख्खा दिवस सूक्ष्मदर्शकाखाली गेला. उत्तर अमेरिकेतल्या स्नॅपिंग कासवाच्या कवचावर बॅसिक्लॅडिया नावाचं हिरवं शेवाळ वाढतं. त्यात गाळ अडकतो, आणि त्या गाळात सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक जंत, राहतात. हे परजीवी नव्हेत, कासव म्हणजे त्यांची जमीन!

कवच मऊ टूथब्रशने, गाळलेल्या पाण्यात घासायचं. प्रत्येक कासवाला नवा ब्रश, नाहीतर एकाचे कृमी दुसऱ्याच्या नावावर जातात. तळ्याचं पाणी तर अजिबात नको, त्यातले कृमी नमुन्यात मिसळतात. मग ते पाणी ३८ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायचं, कृमी चाळणीवर उरतात.

खरी कसोटी पुढे आहे. कृमी टिकवण्यासाठी त्यांच्यावर ४ टक्के फॉर्मॅलिन गरमच ओतायचं. थंड ओतलं की कृमी गुंडाळतात आणि लांबी मोजता येत नाही. स्लाइड करण्यासाठी ग्लिसरीनमध्ये नेताना घाई केली तर अंग चेपतं, पारदर्शक नळीची सुरकुतलेली पट्टी होते. फॉर्मॅलिनमुळे डीएनए बिघडतो, म्हणून काही कृमी आधीच बाजूला काढून ठेवावेत.

कृमींच्या पिल्लांवरून जात ठरवायचा मोह टाळा. प्रौढ मादी हवी, नर मिळाला तर स्पिक्युल, म्हणजे त्याचे समागमाचे कडक काटे, तेही मोजा. लांबीला रुंदीने, अन्ननलिकेने आणि शेपटीने भागून डी मान या कृमितज्ज्ञाच्या नावाची गुणोत्तरं काढा. आणि १९९९ नंतरच्या नव्या जातीला होलोटाइप (नावाचा आधार असलेला एकच नमुना) किंवा सिंटाइप (तसेच अनेक नमुने) नेमल्याशिवाय नाव ग्राह्य धरलं जात नाही, तेव्हा त्या नमुन्याची स्लाइड जिवापाड जपा.