एडिसनमधील तो शनिवार

न्यू जर्सीतील आयसेलिन येथे ओक ट्री रोडलगतच्या एका वकिलाच्या कार्यालयात मी अनेक वर्षे इमिग्रेशनचे अर्ज भरण्याचे काम करीत होते. शनिवारी तेथे नेहमीच वर्दळ असे, परंतु १५ ऑक्टोबर २०१६ च्या शनिवारी सकाळपासूनच बसायला खुर्ची उरली नव्हती. त्या दिवशी काही मैलांवर, एडिसनच्या एक्स्पो सेंटरमध्ये, रिपब्लिकन हिंदू कोअलिशन या रिपब्लिकन पक्षाच्या हिंदू समर्थकांच्या संघटनेने दहशतवादाची झळ पोहोचलेल्यांच्या मदतीसाठी नाचगाण्यांचा मोठा कार्यक्रम ठेवला होता आणि त्यात त्या पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार डोनाल्ड ट्रम्प भाषण करणार होते. शिवाय लगेचच्या मंगळवारी न्यू जर्सीतील मतदार नोंदणीची मुदत संपत होती. त्यामुळे कोणाला नोंदणीचा अर्ज हवा होता, कोणाला नागरिकत्वाचा, आणि काही जण केवळ ‘हा निवडून आला तर आमचे काय?’ एवढेच विचारायला आले होते.

कार्यक्रमाचा पास खिशात घेऊनच आलेले एक मोटेलमालक सर्वांत खुशीत होते. ते गुजराती, पण घाटकोपरला वाढलेले, त्यामुळे माझ्याशी हौसेने मराठी बोलत. “बेन, माणूस तोंडाने फाटका आहे, कबूल, पण धंद्यातला आहे, कर कमी करील आणि पाकिस्तानला सरळ करील,” असे ते साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होते. त्यांनी भावाला अमेरिकेत आणण्यासाठी केलेला अर्ज आमच्या कपाटात कित्येक वर्षे पडून होता, कारण भारतातल्या भावंडांच्या रांगेत तेव्हा बारा-तेरा वर्षे थांबावे लागत असे. त्या रांगेचा आणि संध्याकाळच्या भाषणाचा काही संबंध असू शकतो, हे त्यांच्या मनातही आले नसावे.

त्यांच्यानंतर माझ्यासमोर बसले ते पुण्याचे एक जोडपे. नवरा एच-१बी या कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या तात्पुरत्या व्हिसावर संगणक क्षेत्रात, आणि ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेत. कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांपेक्षा जास्त वाटा द्यायचा नाही, या नियमामुळे त्या महिन्यात त्याच्या गटातील भारतीयांचा क्रमांक जेमतेम २००७ च्या सुरुवातीच्या अर्जांपर्यंत आला होता. “आम्ही कायद्याने आलो, रांगेत उभे राहिलो, जे कुंपण ओलांडून येतात त्यांना हा हाकलणार असेल तर बिघडले कुठे?” असा त्याचा प्रश्न होता. बायकोने शांतपणे त्याला आठवण करून दिली, की याच उमेदवाराने मार्चमध्ये एच-१बी म्हणजे स्वस्त मजूर आणण्याची सोय असून आपण ती कायमची बंद करू, असे जाहीर केले होते. तिला स्वतःला नोकरी करता येत होती ती ग्रीन कार्डाच्या रांगेतील एच-१बीवाल्यांच्या जोडीदारांसाठी २०१५ मध्ये ओबामा सरकारने लागू केलेल्या नियमामुळे; एका सरकारने नियमाने दिलेले दुसरे सरकार नियमाने काढून घेऊ शकते, हे तिला नवऱ्यापेक्षा आणि खरे तर आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांपेक्षा अधिक स्पष्ट कळत होते. “ते निवडणुकीपुरते बोलणे असते गं,” तो म्हणाला. मेक्सिकनांविषयी तोच माणूस बोलला ते मात्र त्याने अक्षरशः खरे धरले होते.

हीच गोष्ट मला दिवसभर दिसत राहिली. जो तो त्या उमेदवाराच्या भाषणातून स्वतःला तेवढे अलगद वगळत होता: नागरिकाला वाटे की हे व्हिसावाल्यांबद्दल आहे, व्हिसावाल्याला वाटे की बिनकागदांच्या लोकांबद्दल, आणि हिंदूला वाटे की मुसलमानांबद्दल. कोणाच्या फायलीत कोणता कागद आहे, एवढ्यावरून मला त्याचे मत बहुधा आधीच ओळखता येऊ लागले होते.

अपवाद होता तो औरंगाबादच्या एका मुसलमान अभियंत्याचा. डिसेंबर २०१५ मध्ये ट्रम्प यांनी मुसलमानांना अमेरिकेत येण्यास पूर्ण बंदी घालावी असे म्हटले होते, त्यानंतर त्याला कोणाच्या वाटणीला काय आले याचा हिशोब करण्याची गरज उरली नव्हती. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे होऊन गेली होती. नागरिकत्वाचा अर्ज त्याला आजच भरायचा होता. नोव्हेंबरच्या मतदानाआधी नागरिकत्व मिळणे शक्य नाही, हे त्याला मी सांगण्याआधीच ठाऊक होते. त्याला पासपोर्ट हवा होता. त्या अर्जात, आजवर ज्या ज्या संस्था, मंडळे, क्लब यांच्याशी संबंध आला त्या सर्वांची नावे लिहा, असा एक रकाना तेव्हा असे. इतर अर्जदार तो दोन मिनिटांत उरकत. हा गृहस्थ त्याच्यावर बराच वेळ अडला. कॉलेजचा क्रिकेट क्लब लिहायचा का? मशिदीच्या छपरासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या समितीत त्याने एकदा पावत्या फाडल्या होत्या. ती समिती लिहावी की न लिहिलेलेच बरे? काहीही लपवू नका, सगळे लिहा, असे मी सांगितले. त्याने ठळक अक्षरांत सारे लिहिले आणि ६८० डॉलरचा चेक फाडून दिला.

चहा घेताना मोटेलमालकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. “तुम्ही तर आपलेच, मराठी बोलता. तुम्हाला कोण काय करणार?”

“शेठ, तेवढे विमानतळावर येऊन सांगाल का?” तो हसून म्हणाला. शेठही हसले, पण नंतर बराच वेळ पासाशी चाळा करीत गप्प बसले.

दुपारी कोल्हापूरच्या एक आजी मुलासोबत मतदार नोंदणीसाठी आल्या. आठवडाभरापूर्वी बाहेर आलेली, बायकांविषयीच्या ट्रम्प यांच्या बोलण्याची ती ध्वनिचित्रफीत त्यांनीही पाहिली होती. नातवंडांसमोर ज्याचे बोलणे लावता येत नाही त्याला मत कसले द्यायचे, एवढाच त्यांचा विचार होता, आणि करकपातीवर मुलाने सुरू केलेले व्याख्यान त्यांनी हातानेच थांबवले. निवडणुकीनंतरच्या पाहण्यांत भारतीय वंशाच्या बहुसंख्य मतदारांनी हिलरी क्लिंटन यांनाच मत दिल्याचे दिसले. त्या दिवशी आमच्या कार्यालयात बसून ते कोणाला खरे वाटले नसते, कारण आजींसारखे लोक सही करून लगेच घरी जात आणि बोलणारे मागे थांबत.

सोमवारी मोटेलमालकांचा फोन आला. ट्रम्प यांनी दिवा लावला, आपण हिंदूंचे आणि भारताचे मोठे चाहते आहोत असे सांगितले, मोदींची स्तुती केली, हे सर्व त्यांनी उत्साहाने ऐकवले. मग आवाज उतरवून त्यांनी विचारले, “आता भावाच्या फायलीचे काही लवकर होईल?” दरवर्षी किती व्हिसा द्यायचे हे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कायद्याने ठरते, कोणीही निवडून आले तरी एकट्या अध्यक्षाला ते वाढवता येत नाहीत, असे मी त्यांना सांगितले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग असे करा बेन, भाऊ दिवाळीनंतर मुलुंडला राहायला जातोय, फायलीत पत्ता तेवढा बदलून घ्या.”