आमची वाटचाल : आधी डाग बघायचा, मग पाना हातात घ्यायचा

आमचं वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान सांगलीत विश्रामबागला, दहा बाय बाराचा गाळा, आत कायम दोन-तीन मशीन उघडून ठेवलेली. आयटीआय झाल्यावर सहा वर्षं दुसऱ्याकडं टेक्निशियन म्हणून काम केलं आणि २००८ ला स्वतःचं सुरू केलं. भांडवल म्हणजे पाने, मल्टिमीटर आणि सेकंडहँड गाडी. पहिली दोन-तीन वर्षं कशी काढली ते सांगत बसत नाही, सगळ्यांचं असतं तसंच आमचं.

सांगायचंय ते डागांबद्दल, कारण आमचं नाव झालं ते त्याच्यामुळंच. मोटर फिरत नाही, पाणी बाहेर जात नाही, असल्या तक्रारी सोप्या, मशीन चालू केलं की कळतं. पण "कपड्यांवर डाग पडतायत" म्हटलं की मशीन मस्त चालू असतं आणि पांढरा शर्ट मात्र वाया गेलेला असतो.

सुरुवातीला माझ्या हातनं एक मोठी चूक झाली. कुपवाडच्या एका वहिनींच्या चादरींवर तांबूस डाग पडत होते. मशीन फ्रंट लोड, स्पिनला थोडा आवाज होता. मी म्हटलं ड्रम ज्यावर फिरतो ते बेअरिंग गेलंय, गंज कपड्यावर येतोय. पूर्ण टब काढला, बेअरिंग आणि त्याला पाणी लागू न देणारं सील बदललं, दोन दिवस गेले, पैसे घेतले, आणि आठ दिवसांत त्यांचा फोन, डाग तसेच. परत गेलो तेव्हा नीट विचारलं की पाणी कुठलं वापरता, तर बोअरचं. आणि पांढऱ्या कपड्यात त्या ब्लीच टाकत होत्या. बोअरच्या पाण्यात लोह असलं तर उपसताना पाणी स्वच्छ दिसतं, पांढऱ्या बादलीत रात्रभर ठेवलं की पिवळसर होतं, खाली तांबडा गाळ बसतो, आणि ब्लीच पडलं की तेच काम लगेच होतं, सगळा गंज कपड्यावर. मशीनचा काही संबंध नव्हता. त्यांचे सगळे पैसे परत दिले. त्या दिवसापासनं ठरवलं, डाग बघितल्याशिवाय स्क्रू काढायचा नाही.

आता आम्ही काय करतो, तर डाग आधी बोटानं चोळून बघतो. खपली निघाली तर एक गोष्ट, बोट तेलकट झालं तर दुसरी, पांढरी भुकटी निघाली तर पावडर जास्त पडलीय किंवा ड्रम गच्च भरलाय. मग त्याच पाण्यात त्याच पावडरीनं एक पांढरा कपडा बादलीत हातानं धुवायला सांगतो. बादलीतसुद्धा डाग पडला तर मशीन उघडायचं कशाला? नाही पडला तर मशीन रिकामं, आत फक्त एक जुना पांढरा टॉवेल टाकून फिरवायचं. त्याच्यावर डाग आला तर मग मशीन.

सगळ्यात जास्त केस येतात त्या काळ्या-राखाडी खपल्यांच्या. लोकांना वाटतं ड्रम गंजला. स्टीलचा ड्रम दिसतो तो चकचकीत असतो, पण त्याच्या बाहेर प्लास्टिकचा टब असतो तो दिसत नाही आणि दोघांच्या मधी पावडर, सॉफ्टनर, अंगाचं तेल आणि जड पाण्याचा क्षार यांचा थर बसतो, कायम गार पाण्यात धुतलं तर जास्तच. मी एकदा एका काकूंना टब काढून दाखवला, बोट फिरवलं तर ओल्या राखेसारखा गोळा बोटावर आला, त्या बघतच राहिल्या. उपाय साधा आहे, टब क्लीन पावडर नाहीतर लिंबूसत्व टाकून ६० डिग्रीला रिकामं फिरवायचं, थर जाड असेल तर दोन-तीनदा, आणि नंतर पावडर, सॉफ्टनर दोन्ही मोजून. फक्त एक लक्षात ठेवा, लिंबूसत्व आणि ब्लीच एकत्र कधीच टाकायचं नाही, विषारी गॅस होतो.

खरंच मशीनचा दोष असतो तेव्हा डाग चिकट, काळपट-तपकिरी येतो, साबणानं जात नाही. टॉप लोडला गिअरबॉक्सचं ऑइल, फ्रंट लोडला सील गेलेलं असतं आणि बेअरिंगचं ग्रीस पाण्यात उतरतं, ड्रम हातानं हलवला की खेळतो, स्पिनला घरघर येते. मग मात्र खर्च आहे, तो आम्ही आधी सांगतो.

आता हळदीची गोष्ट. मार्केट यार्डात हळदीची अडत असलेले एक अण्णा, त्यांच्या पांढऱ्या शर्टांवर लाल ठिपके यायचे. दोन मेकॅनिकनी ड्रम बदला म्हणून सांगितलेलं. मी पाणी तपासलं, रिकामं फिरवलं, टॉवेल पांढराशुभ्र. शर्ट घेऊन दुकानात आलो तर मिसेस हिशेब लिहीत होती, तिनं एकदा बघितलं आणि म्हणाली अहो ही हळद आहे, साबण लागला की लाल होते, कुठल्याही बाईला विचारा. लिंबू पिळलं, ठिपका डोळ्यासमोर पिवळा झाला. गंज असता तर लिंबानं असा पिवळा झाला नसता, सावकाश फिका पडला असता. ते शर्ट वेगळे धुवून कडक उन्हात वाळत घालायला सांगितले, उन्हानं हळद उडते. अण्णांचा ड्रम बदलायचा खर्च वाचला आणि त्यांनी यार्डातली किती गिऱ्हाइकं पाठवली त्याला मोजमाप नाही. तेव्हापासनं डागाचा कपडा आला की आधी तिच्याकडं जातो.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर दुकानासमोर मशीनची रांग लागली. लोक वरनं धुवून, वाळवून मशीन चालू करायचे आणि कपडे मातकट निघायचे, कारण गाळ टबाच्या तळाला, पाइपात, पंपात बसलेला. वायरिंग ओलं असताना चालू करू नका म्हणून घरोघरी सांगत फिरलो. कित्येक मशीन मजुरी न घेता धुवून दिली, त्यांची घरंच गेली होती, मजुरी कसली मागायची.

आज दुकानात दोन पोरं शिकतायत. मिसेसनं एक वही केलीय, प्रत्येक डागाच्या कपड्याचा तुकडा स्टेपल करून खाली पाणी कुठलं, पावडर किती, कारण काय निघालं ते लिहिलेलं. नवीन पोराला पहिले पंधरा दिवस तीच वही वाचायला देतो, पाना नंतर.

तर तुमच्याकडं डाग पडत असतील तर मशीन टेम्पोत घालून आणू नका. डागाचा कपडा न धुता तसाच आणा आणि एका बाटलीत घरचं पाणी. ते बघायचे पैसे आम्ही घेत नाही.