जळगावहून अंटार्क्टिकाला: जहाजावरचा उतरण्याचा दिवस

जळगाव-भुसावळकडून अंटार्क्टिकाला निघणाऱ्यांनी आधी एक गोष्ट मनावर घ्यावी: अंगालगत सुती बनियन नको. कापूस आपलं पीक, पण तो घाम धरून ठेवतो आणि ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. आत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर, त्यावर फ्लीस म्हणजे मऊ, उबदार लवदार कापडाचा थर, वर वारा-पाणी अडवणारं जाकीट.

उतरण्याआधी जहाजावर सामानाची तपासणी होते. इथे घाई करू नका. शेताच्या बांधावर फिरलेल्या बुटांत, मोज्यांत कुसळं अडकलेली असतात. जाकिटाच्या वेल्क्रोत तर बारीक बी हमखास सापडतं. चिमट्याने एकेक काढा, खिसे उलटे करून व्हॅक्यूमने साफ करा. पोआ ॲनुआ नावाचं परकं गवत अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर असंच माणसांबरोबर जाऊन रुजलं. शेव-मुरमुरे खोलीतच ठेवा, किनाऱ्यावर खाणं नेता येत नाही.

एका जागी एका वेळी जास्तीत जास्त 100 प्रवासी उतरतात, म्हणून गट पाडतात. आपली पाळी येईपर्यंत सगळे थर चढवून बसू नका, घाम येतो. रबरी होडीत चढताना हात मोकळे हवेत. खलाशाचा पंजा नाही, मनगटाच्या वरचा हात धरायचा. ओला पंजा निसटतो. पेंग्विनपासून 5 मीटर अंतर ठेवा, आणि त्यांची वाट अडवू नका.

कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. गारठ्यात ती लवकर उतरते. परतल्यावर कॅमेरा तासभर बॅगेतच राहू द्या, नाहीतर भिंगावर दव धरतं. बूट मात्र लगेच घासून, जंतुनाशकात बुडवूनच आत यायचं.