पाठवणाऱ्याचा पत्ता खरा, पत्र खोटे

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाचनालयाच्या लिपिक बाईंना कोषाध्यक्षांच्या पत्त्यावरून एक ईमेल आला. पुस्तक विक्रेत्याचे बँक खाते बदलले असून थकलेले बिल आजच नव्या खात्यात भरावे, एवढाच मजकूर होता. नाव बरोबर होते, पत्ताही अक्षरन् अक्षर तोच. बाईंनी आधी कोषाध्यक्षांना फोन केला म्हणून पैसे वाचले. तरीही समितीच्या बैठकीत ‘नीट बघून घ्यायला नको का?’ असे त्यांनाच ऐकवण्यात आले, याचे मला फार वाईट वाटले, कारण वरवर पाहून कळावे असे त्या पत्रात काहीच नव्हते.

ईमेल पोहोचवण्याचे एसएमटीपी नावाचे नियम १९८२ साली ठरले, तेव्हा पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे तपासण्याची सोय त्यांत नव्हती. शिवाय प्रत्येक ईमेलवर प्रेषकाचे दोन पत्ते असतात: एक सर्व्हर एकमेकांना सांगतात तो पाकिटावरचा आणि दुसरा आपल्याला दिसतो तो आतल्या पत्राच्या माथ्यावरचा. हे दोन्ही एकच असावेत, असे मूळ नियमांत कुठेही बंधन नाही.

मी जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ (ईमेलचा मूळ तांत्रिक तपशील) उघडून पाहिले, तर एसपीएफपुढे चक्क ‘पास’ लिहिलेले होते. एसपीएफ ही तपासणी फक्त पाकिटावरच्या पत्त्याचे डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) पाहते आणि पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का, हे तपासते; आणि पाकिटावर भामट्याने स्वतःचेच डोमेन घातले होते. आमचा पत्ता फक्त माथ्यावर होता, आणि ‘रिप्लाय-टू’मध्ये, म्हणजे उत्तर जिथे जाते तिथे, तिसराच. तपासणीत पास झालेले डोमेन आणि माथ्यावरचे डोमेन जुळते का, हे पाहणारा नियम म्हणजे डीमार्क, आणि आमच्या डोमेनवर त्याची नोंदच नव्हती. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या संख्येने ईमेल पाठवणाऱ्यांना ती सक्तीची केली. आमचे दिवसाला जेमतेम पन्नास ईमेल जातात, त्यामुळे आम्हाला कोणी विचारले नाही आणि आम्हीही लक्ष घातले नाही. चूक झाली ती इथे, बाईंच्या टेबलावर नव्हे.

डीमार्कची नोंद करताना एकदम ‘रिजेक्ट’ (न जुळणारे ईमेल नाकारा) लिहिण्याचा मोह मी टाळला. प्रथम ‘नन’ (काहीच अडवू नका) ठेवून येणारे अहवाल महिनाभर वाचले, तेव्हा वर्गणीच्या पावत्या बाहेरच्या एका सेवेमार्फत जातात आणि त्यांवर आमच्या डोमेनची डीकेआयएम सही (ईमेलला जोडलेली डिजिटल सही) नसते, हे लक्षात आले. घाई केली असती तर सभासदांच्या पावत्याच अडकल्या असत्या. सही सुरू करून मग ‘क्वारंटाइन’ (संशयित म्हणून स्पॅममध्ये टाका) आणि शेवटी ‘रिजेक्ट’ केले.

एका अक्षराच्या फरकाने घेतलेले मिळतेजुळते डोमेन मात्र यातून सुटतेच. म्हणून विक्रेत्यांचे जुने फोन नंबर बाईंनी एका पुठ्ठ्यावर लिहून टेबलाशेजारी टांगले आहेत, आणि त्यांपैकी एका नंबरावर बोलणे झाल्याशिवाय खाते क्रमांक बदलायचा नाही, असा ठराव आता समितीच्या इतिवृत्तात आहे.