थीम पार्कमधलं हात वाळवायचं मशीन

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांसोबतचं माझं काम बहुतेक चार भिंतींच्या आतलं. झोके, गाद्या, चित्रांची कार्डं. म्हणून अकरा वर्षांच्या एका मुलाच्या आईने "ताई, धाकटीचा वाढदिवस आहे, थीम पार्कला जायचंय. तुम्ही याल का बरोबर?" असं विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मुलाला इथे अंशू म्हणते. तो मोजकेच शब्द बोलतो, पण कार्डावर बोट ठेवून हवं ते नेमकं सांगतो.

तयारी बरीच आधी सुरू झाली. पार्कचे फोटो चिकटवून आम्ही एक छोटी वही केली: 'गेटवर हाताला पट्टी बांधतील. रांग असेल. मग पाळणा.' पुढे काय घडणार ते मुलाला आधीच सांगणाऱ्या अशा गोष्टींची पद्धत कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९०च्या दशकात रुजवली आणि ती आजही उपयोगी पडते. कागदाची पट्टी अंशूने घरी रोज थोडा वेळ हाताला बांधून ठेवली. तो बाहेर फक्त आईच्या हातचा, फोडणी न दिलेला दहीभात खातो आणि पार्कात बाहेरचं खाणं चालत नाही; बाबांनी फोन करून परवानगी घेतली. दिवस निवडला तो शाळा चालू असतानाचा मंगळवार.

तरीही रोलर कोस्टरपाशी रांग होतीच. बाबांनी अंशूचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, दाखवल्यावर तिथल्या मुलाने आम्हाला बाजूच्या दाराने आत घेतलं. "चांगला धडधाकट तर दिसतोय," मागून कुणीतरी म्हणालं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांमध्ये स्वमग्नता आहे. पण ती चेहऱ्यावर दिसत नाही, आणि या आईबापांना ते जागोजागी समजावत बसावं लागतं. मला त्याचा फार राग येतो. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "त्याला थांबणं जमत नाही हो, बाकी काही नाही."

कोस्टरवर बसवायला आजीचा ठाम विरोध होता. एवढा आवाज, एवढा वेग, पोर घाबरून जाईल! मला तशी भीती नव्हती. अंशूला गरगर फिरणं मनापासून हवं असतं. क्लिनिकमधल्या झोक्यावरून तो उतरत नाही. शिवाय कोस्टरमध्ये खांद्यांवरून जाड दांडा खाली येतो आणि छातीला घट्ट बसतो. असा खोल, सारखा दाब कितीतरी स्वमग्न मुलांना शांत करतो. टेंपल ग्रँडिन या स्वतः स्वमग्न असलेल्या शास्त्रज्ञ बाईंनी गुरांना अडकवायच्या दाबपिंजऱ्यावरून स्वतःसाठी तसं यंत्रच बनवलं होतं. दांडा बसल्याबरोबर अंशूचे सतत हलणारे हात थांबले. पहिल्या उतारावर मी किंचाळले. तो खदखदून हसत होता.

घात झाला तो स्वच्छतागृहात. तिथलं हात वाळवायचं मशीन आणि त्याचा आवाज आम्हाला माहीत होता. बाबांच्या खिशात पेपर नॅपकिन होते, अंशूच्या कानांवर हेडफोन होते. हात धुताना ते सरकले आणि त्याच क्षणी शेजारच्या गृहस्थांनी मशीनखाली हात धरले. कोस्टरचा आवाज अंशूने व्हिडिओत शंभरदा ऐकलेला, कधी येणार हे ठाऊक असलेला. हा आवाज बरोबर कानाच्या उंचीवर आणि न सांगता आला. तो ओरडत बाहेर धावला आणि दाराशीच जमिनीवर पडून डोकं आपटू लागला.

मी त्याच्या डोक्याखाली माझी पिशवी सरकवली. बाबांना खुणेने गप्प राहायला सांगितलं, कारण अशा वेळी प्रेमाचे शब्दही कानांवर भारच असतात. भोवती माणसं जमली. "लाडावून ठेवलंय," "एक द्या ठेवून." हट्ट करणाऱ्या मुलाला काहीतरी हवं असतं, ते मिळालं की तो थांबतो. अंशूला काहीच नको होतं. त्याचा स्वतःवरचा ताबाच सुटला होता. त्यातून बाहेर यायला वेळ, शांतता आणि मोकळी जागा लागते.

ती मिळवून दिली तिथल्या सफाईवाल्या मावशींनी. त्यांनी आधी आत जाऊन मशीनचा मुख्य खटका बंद केला. मग 'फरशी ओली आहे' असा पिवळा फलक आणून आमच्या पुढ्यात ठेवला, मॉप आडवा धरून उभ्या राहिल्या आणि गर्दीला हाकललं, "चला, पुढं व्हा, घसराल!" फरशी कोरडी ठणठणीत होती. आम्हाला त्यांनी एक प्रश्न विचारला नाही.

बऱ्याच वेळाने अंशूने माझा हात ओढून स्वतःच्या पाठीवर दाबून धरला. मग कार्डांची पट्टी मागितली आणि 'घर'वर बोट ठेवलं. हे आधीच ठरलेलं होतं: दोन गाड्या. आजी आणि बाबा वाढदिवसाच्या मुलीबरोबर संध्याकाळपर्यंत थांबले. आई आणि मी अंशूला घेऊन निघालो. भावंडांसोबत अशा सहलींना जाणाऱ्यांना मी ही सोय आवर्जून करायला सांगते. दर वेळी भावासाठी खेळ अर्धा सोडून निघावं लागलं, तर त्या लहान जिवाने काय करावं?

आईने पुढच्या खेपेचा बेत गाडीतच आखला. कोस्टर सगळ्यात आधी, दोनदा. आणि स्वच्छतागृह उपाहारगृहामागचं वापरायचं. तिथे मशीन नाही, कागद ठेवतात. निघताना मावशींनीच सांगितलं होतं.