तुम्ही विचारलंत म्हणून: युद्धाला नाव देऊन काय फरक पडतो?

मी आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा, म्हणजे युद्धातही पाळायचे नियम, शिकवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: 'बॉम्ब पडताहेत, माणसं मरताहेत. मग हे दोन देशांमधलं युद्ध की देशांतर्गत संघर्ष, याचा काथ्याकूट कशाला?' प्रश्नामागची चीड मला कळते. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

दोन देशांच्या लढाईत सैनिक शत्रूच्या हाती लागला की तो युद्धकैदी. १९४९ च्या चार जिनिव्हा करारांपैकी तिसरा सांगतो, चौकशीत त्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्यातला क्रमांक एवढंच सांगायचं. बाकीचं बळजबरीने काढून घेता येत नाही. छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत त्याला घरी कार्ड पाठवू द्यायचं: मी पकडला गेलोय, अमुक ठिकाणी आहे, तब्येत अशी आहे. पुढे पत्रांवर मर्यादा घातली तरी महिन्याला दोन पत्रं आणि चार कार्डं यांच्या खाली जाता येत नाही. नुसता लढला म्हणून त्याच्यावर खटला नाही. लढाई थांबली की सुटका.

तोच माणूस आपल्याच सरकारविरुद्ध लढणाऱ्या गटात असेल तर? युद्धकैदी हा दर्जाच त्याला नाही. सरकार त्याच्यावर देशद्रोहाचा खटला रीतसर भरू शकतं. त्याच्या हातात मुख्यतः उरतं ते चारही करारांत सारखं असलेलं कलम ३: खून नको, छळ नको, ओलीस धरू नका, न्यायालयाशिवाय शिक्षा नको. थोडक्या ओळी आहेत, पण कोठडीतल्या माणसाला त्यांचाच आधार.

आणि नुसती दंगल असेल तर युद्धाचे नियम लागूच होत नाहीत. तिथे गोळी हा पोलिसांचा अगदी शेवटचा उपाय. दंगलीला युद्ध म्हणणं म्हणूनच मला फार धोक्याचं वाटतं: युद्धात समोरच्या लढवय्याला दिसताक्षणी मारता येतं.

मग ठरवायचं कुणी? सरकारच्या घोषणेवर हे अवलंबून नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवरच्या हल्ल्याला 'विशेष लष्करी मोहीम' म्हटलं, तरी जिनिव्हा करार पहिल्या दिवसापासून लागू होते. देशांतर्गत संघर्षाची कसोटी माजी युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने १९९५ मध्ये तादिच खटल्यात घालून दिली: हिंसा किती तीव्र, आणि सशस्त्र गट किती संघटित. सरकारं मात्र हे मान्य करायला बिचकतात. बंडखोरांना प्रतिष्ठा मिळेल ही भीती. कलम ३ मध्येच लिहिलंय की ते लागू झाल्याने कुणाचाही कायदेशीर दर्जा बदलत नाही. तरी भीती जात नाही.

दुश्को तादिचवर बोस्नियातल्या छावण्यांमध्ये कैद्यांना अमानुष मारहाण केल्याचे आरोप होते. १९९७ मध्ये इतर आरोपांवर तो दोषी ठरला, पण जिनिव्हा करारांच्या 'गंभीर उल्लंघना'चे आरोप टिकले नाहीत. ते फक्त देशादेशांमधल्या युद्धात लागू होतात, आणि बोस्नियन सर्ब सैन्य शेजारच्या देशाच्या, म्हणजे बेलग्रेडमधल्या सरकारच्या, वतीने लढत होतं हे बहुसंख्य न्यायाधीशांना पटलं नाही. १९९९ मध्ये अपील पीठाने निकाल फिरवला: बेलग्रेडचं एकंदर नियंत्रण होतं, म्हणून संघर्ष आंतरराष्ट्रीय. छावणी तीच, मार खाल्लेली माणसंही तीच.

तुमची चीड रास्त आहे ती इथे. ही दुहेरी मोजपट्टी मला कधीच न्याय्य वाटली नाही. १९९८ च्या रोम संविधीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणाऱ्या करारात, नागरिकांना उपाशी मारणं हा युद्धगुन्हा ठरला, पण फक्त दोन देशांच्या युद्धात. यादवी युद्धात वेढा घालून गाव उपाशी ठेवलं, तर त्या यादीत तसा गुन्हाच नव्हता. ती उणीव भरून काढणारी दुरुस्ती व्हायला २०१९ चा डिसेंबर उजाडला, आणि ती स्वीकारलेल्या देशांची यादी अजून लहान आहे.